जर्मनचे मार्क चांगले, पण वर्ग कोणता?

बारावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात, आणि मग आमच्या घरचा फोन वाजायला लागतो. मी बी. ए.ला जर्मन घेतलं होतं आणि सध्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर जर्मन शिकवते, हे आमच्या कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे प्रश्नही ठरलेला असतो. "अहो, आमच्या मुलीला बारावीला जर्मनमध्ये ९४ पडले. आता तिला परत पहिल्यापासून कशाला बसवायचं? सरळ वरच्या वर्गात घालते. वर्ष वाचेल, फी वाचेल."

आणि दुसऱ्याच दिवशी अगदी उलटा प्रश्न येतो. "दोन वर्षं फ्रेंच झालंय तिचं. पण कॉलेजात 'काही येत नाही' असं सांगून पहिल्या वर्गात बसली तर मार्क छान पडतील, नाही का?"

दोन्ही आया मुलींचं भलंच बघत असतात. पण दोघी वर्ग ठरवतात तो मार्कांवरून. एकीला मिळालेले मार्क वाया घालवायचे नसतात, दुसरीला आणखी मिळवायचे असतात. मला वाटतं, परकी भाषा शिकताना वर्ग ठरवायचा तो मुलीला आज काय बोलता, ऐकता, वाचता आणि लिहिता येतं यावरून. ब्लाऊज शिवायला टाकताना आपण शिंप्याला मागच्या लग्नातलं माप देतो का? आज अंगाचं माप घ्या म्हणतो. तसंच हे.

मार्क काय सांगतात?

अकरावी-बारावीला जर्मन, फ्रेंच किंवा जपानी घेणारी पुष्कळ मुलं 'स्कोरिंग विषय' म्हणून ती घेतात. त्यात काही गैर नाही. पण तो अभ्यास बहुतेक कागदावरचा असतो. ठरलेले धडे, गाळलेल्या जागा, पाठ केलेलं पत्र, गाईडातलं भाषांतर. यातून व्याकरण पक्कं होतं, शब्द साठतात. ते मुळीच वाया जात नाही. पण कान आणि जीभ दोन्ही कोरी राहतात.

पहिल्या दिवशी मी वर्गात जर्मनमधून एवढंच विचारते, "तू सकाळी किती वाजता उठतेस?" नव्वदीतली मुलगी खाली बघते. तेच वाक्य फळ्यावर लिहिलं तर क्रियापद कुठलं, कर्ता कुठला, सगळं घडाघडा सांगते. कारण ते वाक्य तिने शंभरदा पाहिलेलं असतं, ऐकलेलं मात्र एकदाही नसतं. अशा मुलीला 'येत नाही' म्हणणं चूक, आणि 'सगळं येतं' म्हणून वरच्या वर्गात ढकलणंही चूक.

पायऱ्या कोणत्या, ते आधी समजून घ्या

युरोपातल्या भाषांसाठी सहा पायऱ्यांची एक मोजपट्टी आहे. 'काउन्सिल ऑफ युरोप' या संस्थेने ती २००१ साली प्रसिद्ध केली. ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२. आपल्याकडच्या मॅक्समुल्लर भवनात (जर्मनीच्या ग्योटे इन्स्टिट्यूटचं हे भारतातलं नाव) आणि आलियाँस फ्रान्सेझमध्ये याच पायऱ्यांनी वर्ग चालतात. घरच्या भाषेत सांगायचं तर असं:

ए-१ म्हणजे नाव, गाव, घरची माणसं सांगता येतात आणि समोरचा सावकाश बोलला तर साधा प्रश्न समजतो.

ए-२ म्हणजे दुकानात, स्टेशनवर, डॉक्टरकडे रोजचं काम भागतं; काल काय काय केलं ते साध्या वाक्यांत सांगता येतं.

बी-१ म्हणजे प्रवासात अडलं तर स्वतः निभावता येतं. एखादा अनुभव सलग सांगता येतो, आपलं मत आणि त्याचं कारण देता येतं.

बी-२ म्हणजे ती भाषा घरी बोलणाऱ्या माणसाशी फारसं न अडखळता बोलता येतं आणि आपल्या विषयातला लेख समजतो. त्यापुढच्या सी पायऱ्या उच्च शिक्षणाच्या आणि जबाबदारीच्या कामाच्या.

या पायऱ्यांना वेळ किती लागतो? ग्योटे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाने ए-१ला ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका लागतात. अगदी सुरुवातीपासून बी-१पर्यंत ३५० ते ६५०. आता कुणी "रोज एक तास या, तीन महिन्यांत बी-१ करून देतो" म्हणालं, तर हिशोब तुम्हीच करा. रोजच्या एका तासाने तीन महिन्यांत शंभराच्या आसपास तासिका भरतात. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबद्दल करार केला, त्यानंतर जर्मनची चौकशी तालुक्याच्या गावांतूनही होऊ लागली. म्हणून हा हिशोब सर्वांना माहीत असलेला बरा.

विद्यापीठांत पायऱ्यांची नावं वेगळी असतात. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, तिथे सर्टिफिकेट, डिप्लोमा, अ‍ॅडव्हान्स डिप्लोमा असा क्रम आहे. तेव्हा 'डिप्लोमाला प्रवेश' म्हणजे ए-२ की बी-१, हे ऑफिसात विचारूनच घ्यावं.

जपानीची तर मोजणीच उलटी. तिथे एन-५ सर्वांत खालची आणि एन-१ सर्वांत वरची. ही परीक्षा १९८४ साली सुरू झाली तेव्हा चार पायऱ्या होत्या, २०१० पासून पाच झाल्या. त्यामुळे घरात कुणा मावशीचं जुनं 'चौथ्या पायरीचं' प्रमाणपत्र असेल, तर ते आताच्या एन-५च्या जवळचं समजा, एन-४च्या नव्हे. आणि आणखी एक गोष्ट: या जपानी परीक्षेत बोलण्याचा भागच नसतो. एन-४ पास झालेली मुलगी गप्प बसू शकते. म्हणून तिचा वर्ग ठरवताना शिक्षकांनी दहा मिनिटं तिच्याशी बोलून बघायलाच हवं.

आईला भाषा येत नसली तरी

आता तुम्ही म्हणाल, "आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही, आम्ही काय बघणार?" बघता येतं, बाई. एका रविवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, चार गोष्टी करून बघा.

पहिली गोष्ट, बोलणं. मुलीला कागद न घेता दोन मिनिटं बोलायला सांगा. आधी आपल्या घराबद्दल, मग कालच्या दिवसाबद्दल. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. तुम्हाला शब्द कळायची गरज नाही. ती किती वेळा थांबली, किती वेळा मध्येच इंग्रजी शब्द घातला, एवढं कळतं ना? घराबद्दल दोन मिनिटं नीट बोलली तर ए-१ हाताशी आहे. कालचा दिवसही सलग सांगितला तर ए-२ बरंच झालेलं आहे.

दुसरी, आकडे. विजेचं बिल, कॅलेंडर, नातेवाइकांचे फोन नंबर घ्या आणि आकडे म्हणायला सांगा. जर्मनमध्ये ४७ म्हणजे 'सात आणि चाळीस', अगदी आपल्या सत्तेचाळीससारखं, आधी एकक मग दशक. इंग्रजी माध्यमातली मुलं इथे हमखास अडखळतात, आणि मराठी पाढे म्हटलेलं मूल पुढे जातं! फ्रेंचमध्ये ९७ म्हणजे 'चार-वीस-दहा-सात'. आपल्या आज्या नाही का विसाविसांनी नारळ मोजायच्या, त्यातलाच प्रकार. मुलगी मनात इंग्रजी आकडा आणून मग तो फिरवत असेल, तर पहिली पायरी अजून कच्ची आहे असं समजा.

तिसरी, ऐकणं. जर्मनीच्या 'डॉइचे वेले' या संस्थेची 'निकोस वेग' नावाची शिकवणारी मालिका इंटरनेटवर फुकट बघायला मिळते. ए-१, ए-२ आणि बी-१ असे तिचे तीन भाग आहेत. खालची अक्षरं बंद करून एकेक तुकडा एकदाच दाखवा आणि गोष्ट मराठीत सांगायला लावा. जिथे गोष्टीचा धागा सुटतो, ती तिची ऐकण्याची पायरी. फ्रेंचसाठी 'टीव्ही-सँक मोंद'चे पायरीवार सराव असेच फुकट आहेत.

चौथी, लिहिणं. गाईड नाही, मोबाइल नाही, दहा ओळी लिहायच्या, 'माझी सुट्टी' किंवा तसलंच काही. तो कागद चुका न खोडता तसाच ठेवा आणि प्रवेशाच्या दिवशी शिक्षकांना दाखवा. गुणपत्रिकेपेक्षा आम्हाला त्या कागदावरून जास्त कळतं.

चारही गोष्टी एकाच पायरीवर क्वचितच असतात. मग वर्ग कुठला धरायचा? माझं मत असं की बोलणं आणि ऐकणं जिथे असेल, तो वर्ग धरावा. वाचन पुढे असेल तर गोष्टींची पुस्तकं घरी देता येतात. पण बोलायला समोर माणसं लागतात, आणि ती वर्गातच मिळतात.

एक पायरी वर बसली, त्याची किंमत

माझ्या ओळखीच्या एका बाईंची मुलगी तालुक्याच्या गावाहून शिकायला आली, होस्टेलवर राहिली. बारावीला जर्मनमध्ये ९१ होते. एका क्लासवाल्यांनी सांगितलं, "हिला ए-१, ए-२ची गरजच नाही, बी-१ला बसवा." आईने भिशीचे पैसे भरले. मुलगी वर्गात गेली तर बाकीचे तास-तास जर्मनमधून वाद घालत होते. ही महिनाभर एक शब्द बोलली नाही. मग मागच्या बाकावर सरकली. मग जायचीच बंद झाली, आणि घरी मात्र "चाललंय छान" म्हणून सांगत राहिली. होस्टेलच्या बाईंचा फोन आला तेव्हा आईला कळलं.

आई माझ्याकडे आली ती रागाने. "हिला शिकायचंच नाही," म्हणाली. मी मुलीला एकटीला बसवून घेतलं. व्याकरण उत्तम, वाचन ए-२च्याही पुढे. कान आणि जीभ मात्र ए-१च्या शेवटाला. म्हणजे मुलगी आळशी नव्हती, तिची बसायची जागा चुकली होती. पुढच्या तुकडीत ती ए-२च्या सुरुवातीला बसली. पहिले पंधरा दिवस गाल फुगलेले. मग व्याकरणात तीच इतरांना मदत करू लागली आणि त्या भरात बोलायलाही लागली. पुढच्या वर्षी तिने ग्योटेची बी-१ परीक्षा दिली. त्यात वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग असतात आणि प्रत्येकात शंभरापैकी ६० लागतात. चारही सुटले. भिशीचे पैसे काही परत आले नाहीत. पण मुलीचं खोटं बोलणं थांबलं, याचंच आईला जास्त वाटलं.

तेव्हा शिक्षकांनी 'एक पायरी खाली बसवा' म्हटलं, तर तो अपमान समजू नका आणि मुलीलाही तसं वाटू देऊ नका. चार नातेवाइकांत "परत पहिलीला बसली का?" असं कुणी म्हणालंच, तर तुम्हीच हसून सांगा, "पाया भरून घेतोय."

मुद्दाम खाली बसणं

आता दुसऱ्या आईचा प्रश्न. येत असून 'येत नाही' सांगायचं आणि मार्क मिळवायचे. पहिल्या चाचणीत ती मुलगी पहिली येते, हे खरं. दिवाळीपर्यंत तिला अभ्यासाची सवय राहत नाही. वर्ग तिच्या माहितीच्या पुढे गेला की ती घसरते, आणि तोवर विचारायची लाज वाटू लागलेली असते.

शिवाय तिच्या शेजारी जी खरोखरच नवी मुलगी बसलेली असते, तिचा विचार करा. कदाचित मराठी शाळेतून आलेली, इंग्रजीचीच धास्ती असलेली. तिला वाटतं, "ही एका आठवड्यात एवढं बोलते, मग मीच ढ आहे." अशा दोन-तीन मुली दरवर्षी विषय सोडून जातात. उद्या तिथे आपलीच मुलगी असू शकते, नाही का?

परदेशात राहून आलेली मुलं

वडिलांच्या नोकरीमुळे दोन-तीन वर्षं जर्मनीत राहून आलेली मुलं हल्ली बरीच दिसतात. ती फाडफाड बोलतात, पण लिहायला बसली की वाक्याला शेंडा-बुडखा राहत नाही. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, आपल्या तो-ती-ते सारखी. पण जुळत नाहीत. आपला सूर्य 'तो', त्यांचा 'ती'. आपली मुलगी 'ती', त्यांची 'ते', आपल्या मालवणी-कोकणीतल्या 'चेडू'सारखी. बोलताना हे निसटून जातं, कागदावर पकडलं जातं. अशा मुलांना बोलण्याच्या पायरीच्या वर्गातच बसवा, पण लेखनासाठी आठवड्यातून दोन दिवस वेगळा अभ्यास लावा. खालच्या वर्गात घातलं तर ती कंटाळून दंगा करतात.

कॉलेजात गेल्यावर एवढं विचारा

वर्ग ठरवण्यासाठी चाचणी आहे का, आणि तिच्यात बोलणं तपासतात का? नसेल तर शिक्षकांशी दहा मिनिटं भेट मिळेल का? वर्ष संपताना मुलगी कोणत्या पायरीवर असेल, आणि कोणती परीक्षा देऊ शकेल? एका तुकडीत मुलं किती? वर्ग बदलायचा झाल्यास कुठल्या तारखेपर्यंत बदलता येतो? हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा. पहिल्या पंधरवड्यात बदल करणं सोपं असतं, सहामाहीनंतर कुणाच्याच हातात काही राहत नाही.

जाताना गुणपत्रिकेबरोबर बारावीचं पुस्तक आणि वहीही न्या. कुठपर्यंत शिकवून झालं, ते त्यावरून दिसतं. आणि चाचणीच्या आदल्या रात्री मुलीला घोकंपट्टीला बसवू नका. ही पास-नापासाची परीक्षा नव्हे. रात्रभर घोकून एक पायरी वर चढलेली मुलगी दुसऱ्या आठवड्यात खाली येते. मात्र मध्ये वर्ष-दोन वर्षं खंड पडला असेल, तर दोन-तीन आठवडे जुनी वही चाळायला हरकत नाही. गंज निघाला की खरं माप मिळतं.

पुढे काय करायचं आहे, याचाही विचार आजच करा. जर्मनीत जर्मन माध्यमातून पदवी घ्यायची तर साधारणपणे सी-१च्या आसपास तयारी लागते. परिचारिकेच्या कामाला बहुधा बी-२ मागतात. लग्न होऊन तिकडे जाणाऱ्या मुलींना व्हिसासाठी बहुतेक वेळा ए-१चं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. नवऱ्याच्या परवान्यानुसार त्यातून सूटही असते, म्हणून दूतावासाच्या सूचना स्वतः वाचून घ्या. पण 'व्हिसापुरतं ए-१' म्हणून पाठांतर करून गेलेली मुलगी परक्या गावात दवाखान्यात एकटी उभी राहते, तेव्हा पाठ केलेलं काही उपयोगी पडत नाही. तिथे लागतं ते वर्गात खरोखर बोलून झालेलंच.

तर मैत्रिणींनो, या वर्षी घरात कुणी परकी भाषा घेत असेल, तर फॉर्मवर वर्गाचं नाव लिहिण्याआधी एक रविवार दुपार काढा आणि वरच्या चार गोष्टी करून बघा. वर्ग सुरू झाल्यावरही महिनाभर रोज संध्याकाळी तिला विचारा, "आज वर्गात तू काय बोललीस?" सलग आठ दिवस उत्तर "काहीच नाही" असं आलं, तर मुलीला रागावण्याआधी तिच्या शिक्षकांना जाऊन भेटा.